चैत्राची सुपारी

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी जेऊर मागे टाकते आणि कुर्डुवाडी यायच्या आधी केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते कुंकवामुळे. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड मिळाली की तिचा पिवळा रंग पालटून लाल होतो. या जुन्या घरगुती ज्ञानाचा इथे धंदा झाला, कारखाने उभे राहिले आणि देवळाबाहेरच्या दुकानांत ‘केमचं कुंकू’ या नावाला मान मिळाला. कुंकवाचा धंदा देवांवर आणि यात्रांवर चालतो. त्यामुळे उत्तरेश्वराच्या या गावाला यात्रांचं पंचांग वेगळं शिकावं लागत नाही. पाडवा झाला की पंढरपूरची चैत्री एकादशी, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, पौर्णिमेला जोतिबा आणि वणीची सप्तशृंगी. आणि या मोठ्या नावांच्या मध्ये मावतील तेवढ्या, ज्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसतात अशा शेकडो गावांच्या लहान यात्रा.

यात्रा म्हटलं की कुंकू, गुलाल, रेवड्या, पाळणे, गारेगार, कुस्ती हे सगळं डोळ्यांपुढे येतं. तरी ज्या गोष्टीमुळे माणसं रात्रभर मैदानात बसून राहतात, ती कानांची आहे. कुणी तिला संगीत महोत्सव म्हणत नाही. तिची तिकिटं मोबाइलवर मिळत नाहीत, तिच्या प्रायोजकांचे फलक रस्त्यावर लागत नाहीत. पण भर उन्हाळ्यात, गावामागून गाव, रात्रीमागून रात्र, हजारो माणसांसमोर जिवंत वाद्यं वाजतात आणि जिवंत गळे गातात. याला महोत्सव म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

जगातल्या मोठ्या शहरांत उन्हाळा हाच गाण्याचा मोसम असतो. लंडनमध्ये १८९५ पासून ‘प्रॉम्स’ नावाने मैफिलींची जी मालिका होते, ती जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालते. अमेरिकेतलं गाजलेलं वुडस्टॉक १९६९ च्या ऑगस्टमधलं. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात १९८६ पासून उन्हाळी कार्यक्रम होतात, त्यातले पुष्कळसे फुकट. आठ महिने थंडीत काढलेल्या माणसांना सूर्य हीच मेजवानी असते. हिरवळीवर चादर पसरून ऐकलेली मैफल हा त्या मेजवानीचा भाग.

आपल्या शहरांनी नेमकं उलटं केलं. पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात भरतो. श्रोते शाली आणि थर्मास घेऊन येतात. विदेशी धाटणीचे नवे महोत्सवही याच वाटेने गेले. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा पहिल्यांदा झाला तो जानेवारी २०२३ मध्ये, आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले ते जानेवारी २०२५ मध्ये. उन्हाळा आला की शहराचं गाणं वातानुकूलित नाट्यगृहात शिरतं. पुण्याने तर उन्हाळा सरळ बोलण्याला देऊन टाकला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही एप्रिल-मे महिन्यांत भरते.

मग गाव नेमकं चैत्र-वैशाखातच का गातं? सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जाणं ही रोजची गोष्ट. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा दिवसांत मैफल?

उत्तर रानात आहे. सोलापूर जिल्ह्याचं जुनं पीक म्हणजे रब्बीची ज्वारी. मालदांडी ही तिची सर्वांत लाडकी जात याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेली. ही ज्वारी थंडीच्या दवावर वाढते, माघ-फाल्गुनात काढणीला येते. मळणी होते, कणगी भरते, कडबा रचला जातो, आणि शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदा दोन गोष्टी एकत्र येतात: थोडा पैसा आणि थोडा वेळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की दोन्ही संपतात. या दोन-अडीच महिन्यांच्या फटीत लग्नं बसतात, घरांची डागडुजी बसते, देव बसतो आणि देवाच्या नावाने गाणं बसतं. उजनीच्या पाण्यावर करमाळ्याच्या काही भागात आज ऊस आणि केळी आली, सुगीचं जुनं वेळापत्रक मोडलं. यात्रांच्या तिथ्या मात्र ज्वारीच्या काळात ठरल्या त्या तशाच राहिल्या.

दुसरं कारण हवेचं आहे आणि ते फार सुंदर आहे. हवा जितकी गरम तितका आवाज वेगाने जातो. वीस अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आणि पुढे प्रत्येक अंशामागे सुमारे अर्धा-पाऊण मीटर जास्त. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची त्या मानाने गार असते. अशा वेळी आवाज वाकून वर निघून जातो आणि लांबच्या माणसाला ऐकू येत नाही. रात्री चित्र उलटतं. उघडी काळी जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरचा थर उबदार राहतो, आणि वर निघालेला आवाज परत जमिनीकडे वाकतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, रान मोकळं. वस्तीवर अंगणात बाज टाकून पडलेल्या माणसाला दोन-तीन मैलांवरच्या गावातली ढोलकी उशाशी वाजल्यासारखी ऐकू येते ती त्यामुळे. ‘कुठल्या गावचा तमाशा आहे गं?’ असं अंधारातच विचारणारी पिढी अजून हयात आहे.

गावाच्या या उन्हाळी गाण्याच्या दोन धारा आहेत, आणि बाहेरच्या माणसाला त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. एक अखंड हरिनाम सप्ताहाची, दुसरी तमाशाची.

सप्ताह बहुतेक गावांत रामनवमी, हनुमान जयंती किंवा ग्रामदैवताच्या तिथीला धरून बसतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर भजनाचा जागर, असे सात दिवस. शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या आठवड्यात गावात जेवढं संगीत होतं, तेवढं एखाद्या शहरी महोत्सवात होत नाही. पंधरा-वीस टाळकऱ्यांची रांग, पखवाजावर मृदंगाचार्य, चाल उचलून धरणारे गायनाचार्य. कीर्तनकाराने अभंगाचं चरण सोडलं की ते कुठल्या रागात धरायचं हे गायनाचार्याने तिथल्या तिथे ठरवायचं. पावलीच्या ठेक्यावर टाळ कसा पडतो, हे शेजारी उभं राहून दहा वर्षांचं पोर शिकतं. पुढे जे शास्त्रीय गाण्याकडे वळतात, त्यांतल्या कित्येकांचा पहिला स्वर अशा मांडवात लागलेला असतो.

त्याच देवळासमोर, कधी त्याच पंधरवड्यात, तमाशाचा बोर्ड उभा राहतो. कीर्तनाला पुढे बसलेली माणसंच तमाशालाही पुढे बसतात आणि त्यांना यात काही चुकलं असं वाटत नाही. सोलापूरच्या मातीत या दोन धारा एका माणसातही वाहिल्या आहेत. उत्तर पेशवाईतला मोठा शाहीर राम जोशी सोलापूरचाच. संस्कृत शिकलेला, उत्तम कीर्तन करणारा आणि तितक्याच ताकदीच्या लावण्या रचणारा. १९४७ मध्ये त्याच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला आणि तो महाराष्ट्रभर गाजला. देवाचं गाणं आणि माणसाच्या ओढीचं गाणं यांच्यात भिंत घालायची गरज त्याला पडली नाही. गावालाही पडत नाही.

तमाशा गावात येतो तो सुपारीने. पुणे-नाशिक रस्त्यावरचं जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव हे तमाशाचं पंढरपूर म्हणून ओळखलं जातं. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत व्यवस्थापक वही उघडून बसलेला. गावोगावचे यात्रा कमिटीवाले गाड्या करून येतात, चार राहुट्या फिरतात, चहा होतो, घासाघीस होते. यात्रेची तारीख कुठली, त्या रात्री किती गावं त्याच फडाच्या मागे आहेत, फडात यंदा नवं कोण, यावर आकडा ठरतो. चैत्र पौर्णिमेसारख्या एकाच रात्री अनेक गावांची यात्रा असते, तेव्हा भाव चढतो. पौर्णिमा उलटून चार दिवस गेले की उतरतो. ठरलं की इसारा दिला जातो आणि फडाच्या वहीत गावाचं नाव चढतं. पैसा लोकवर्गणीचा, घरटी गोळा केलेला. म्हणून त्या रात्री तिकीट नसतं. सगळं गाव मालक.

हा सुपारीचा तमाशा. दसऱ्याला बाहेर पडलेले मोठे फड त्याआधीचे महिने कनातीत, तिकीट लावून खेळ करतात. पण वर्षाचा जमाखर्च बसतो तो या चैत्र-वैशाखातच. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या बायका, गाणारे, वाजवणारे, सोंगाडे, आचारी, ड्रायव्हर, राहुटी ठोकणारे बिगारी. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, ट्रक दुरुस्त करावे लागतात, आणि हे बरंचसं व्याजाच्या पैशातून होतं. म्हणजे ज्वारी पेरणाऱ्यासारखंच फडमालकाचंही आहे. आधी घालायचं, मग वर बघत बसायचं. वैशाखात एक वळीव पाऊस ऐन खेळाच्या वेळी आला तर त्या रात्रीचं सगळं पाण्यात.

रात्री काय होतं ते नीट सांगायला हवं. कारण तमाशा म्हणजे लावणी आणि लावणी म्हणजे नाच, असा समज चित्रपटांनी पक्का केला आहे. ढोलकी फडाचा तमाशा हा पूर्ण रात्रीचा, जोडलेला खेळ आहे. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी. दोन वादक समोरासमोर येतात, एकाने टाकलेला बोल दुसरा उचलतो, आणि पाच-दहा मिनिटांत विखुरलेली गर्दी एका जागी येते. मग गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि सगळ्यांना पुरून उरणारी मावशी. मावशीचं काम पुरुषाने करायचं आणि गावातल्या सरपंचापासून महागाईपर्यंत सगळ्यांना टोले हाणायचे. मग बतावणी आणि लावण्या. आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण लांबीचं नाटक. ऐतिहासिक, पौराणिक, डाकूंचं किंवा घरातल्या भाऊबंदकीचं. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ माणसांनी पुन्हा पुन्हा पाहिला तो वगासाठी आणि त्यातल्या दोन हवालदारांसाठी.

वाद्यांकडेही पाहावं. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं एकच कातडं. वाजवण्याआधी ती आगीवर शेकतात, म्हणजे कातडं तापून ताणतं आणि आवाज कडक येतो. बोर्डामागे कागद-काड्यांची छोटी धुनी दिसते ती त्यासाठी. ढोलकीच्या एका तोंडाला तबल्यासारखी शाई असते, दुसऱ्याला आतून मसाला. दिवसभराच्या उन्हात कातडं सुकून सूर वर चढलेला असतो आणि पहाटेच्या गारव्यात उतरतो, म्हणून ढोलकीवाला रात्रभर मधूनमधून ती जुळवत राहतो. तुणतुण्याला एकच तार, पण गाणाऱ्याचा षड्ज तीच सांभाळते. मागे उभे राहून शेवटची ओळ उचलणारे सुरते ज्या पट्टीत झील ओढतात, ती पट्टी ऐकून शहरातला एखादा तयार गवई चकित होईल. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हाची ही गायकी. शेवटच्या रांगेत झाडावर बसलेल्या पोराला ऐकू जायलाच हवं, हा तिचा पहिला नियम होता.

पहाटे खेळ उठतो, पण फडाचं काम संपत नाही. सकाळी देवळासमोर हजेरी असते. रात्रभर उभे राहिलेले तेच कलावंत, चेहऱ्यावरचा रंग जेमतेम पुसलेला, देवासमोर गाऊन-नाचून हजेरी लावतात. आता प्रकाशझोत नसतात, अंतर नसतं. म्हातारीकोतारी माणसं आणि कडेवरची पोरं अगदी जवळ बसतात. फर्माईश होते, बक्षीस दिलं जातं, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. यात्रेतलं सगळ्यात चांगलं गाणं पुष्कळदा या हजेरीत ऐकायला मिळतं, कारण इथे फक्त गळा आणि ढोलकी उरलेली असते. मग दुपारी कुस्त्यांचा फड, आणि तमाशाचे ट्रक पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलेले.

सोलापूर जिल्ह्याने या कलेला फार दिलं आहे, आणि ते मोजायला हवं. विठाबाई नारायणगावकर यांचं नाव जरी नारायणगावशी जोडलेलं असलं, तरी त्यांचा जन्म पंढरपूरचा, १९३५ चा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाच्या घरातली ही मुलगी. १९५७ आणि १९९० अशा दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. भर खेळात पोटात कळा आल्यावर त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सगळीकडे सांगितली जाते. ती सांगताना माणसं त्यांच्या धैर्याचं कौतुक करतात. पण तेवढं करून थांबू नये. बाळंतपणाच्या रात्रीही एका थोर कलावंतिणीला सुट्टी घेता येत नव्हती, याची लाज त्या काळच्या समाजाला वाटायला हवी होती. त्यांची अखेरची वर्षं ओढाताणीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला. कांताबाई सातारकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांना तो मिळाला.

याच जिल्ह्यात माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंब आहे. ढोलकी फडाहून निराळी अशी संगीत बारीची परंपरा इथल्या कला केंद्रांनी धरून ठेवली. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात आणि पाळीपाळीने बोर्डावर येतात. इथे वग नसतो. पेटी, तबला, ढोलकी आणि लावणी. बैठकीची लावणी ऐकायची तर संगीत बारीतच. गाणारी बसून गाते, एकेक ओळ दहा तऱ्हांनी सांगते, आणि सगळा नाच डोळ्यांत, भुवईत आणि बोटांत असतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीच्या सम्राज्ञी. त्यांना १९९५ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. अकलूजला १९९३ मध्ये राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या पार्ट्यांना एक मोठा, मानाचा मंच मिळाला. घरच्या बायका-मुलींनी कुटुंबासह बसून लावणी बघावी, ही गोष्ट त्या स्पर्धेने पुष्कळ सोपी केली.

शहराने हे गाणं कधी ऐकलंच नाही असं नाही. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेला कामगार राहत होता, आणि पाळी सुटल्यावर त्याला गावाकडचं गाणं लागत होतं. लालबागचं हनुमान थिएटर आणि पुण्यातलं आर्यभूषण ही त्या काळची मोठी ठिकाणं. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, घरदार सोडून तमाशात आले आणि मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर काही काळ बंदीही आली होती. त्यातूनही तो उठला. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणगाव रिकामं होत गेलं आणि शहरातला हक्काचा प्रेक्षक विरला. त्यानंतर तमाशाचा आधार पुन्हा गावची यात्रा हाच राहिला.

तो आधारही आता डळमळतो आहे. आधी ऑर्केस्ट्रा आला, मग ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच आले, मग भिंतीएवढे डीजे. यात्रा कमिटीतली तरुण मुलं सुपारी ठरवताना विचारतात ती हिंदी-मराठी चित्रपटांतली गाणी किती, हे. फडही त्यांच्या कलाने वागतात, कारण त्यांना शंभर माणसांना जेवू घालायचं असतं. सलामी आखडते, गवळण उरकते, आणि वग सुरू व्हायच्या आत रात्र संपते.

ती रात्रही आता लहान आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला मनाई केली. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा बारापर्यंत वाढवण्याची मुभा राज्याला आहे, पण ते दिवस बहुधा गणपती, नवरात्र अशा मोठ्या सणांकडे जातात. नियम गरजेचा आहे. आजारी माणसाला, परीक्षेला बसलेल्या मुलाला आणि दिवसभर राबलेल्या बाईला झोपेचा हक्क आहे. सवाई गंधर्व महोत्सवानेही रात्रभराच्या मैफिली सोडल्या आणि दुपारपासून सुरुवात करून स्वतःला नव्या वेळेत बसवलं. तमाशाला हे जमलं नाही. कारण गाव जेवूनखाऊन, देवाचा छबिना पाहून मैदानात येतं तेव्हाच नऊ वाजलेले असतात. तासाभरात पोलीस येऊन खेळ थांबवतात आणि घरटी वर्गणी भरलेल्या गावाला गण-गवळणीवर परत जावं लागतं.

या सगळ्यावर २०२० ने घाव घातला. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्या लागायच्या वेळी रस्ते बंद झाले. त्या चैत्रात कुठल्याच गावाची सुपारी फुटली नाही, आणि पुढच्या चैत्रातही तेच झालं. सलग दोन हंगाम बुडाले. उचल घेतलेले कलावंत आणि कर्ज काढलेले फडमालक दोघेही एकाच खड्ड्यात पडले. काहींनी मजुरी धरली, काहींनी भाजी विकली, काही फड पुन्हा बाहेर पडलेच नाहीत. जे पडले त्यांनी जुने ट्रक आणि निम्मी माणसं घेऊन पुन्हा सुरुवात केली, आणि अजूनही ते पाडव्याला नारायणगावात वही उघडून बसतात.

त्यांना सरकारी अनुदान लागेल आणि ते वेळेवर मिळायला हवं. पण त्याहून जास्त काही गावांच्या हातात आहे. यात्रा कमिटीने छबिन्याची वेळ दोन तास अलीकडे आणावी, सातला सलामी झडेल असं बघावं, म्हणजे दहाच्या आत वगाला निदान दीड तास मिळेल. सुपारी ठरवताना फडाकडे यंदा कोणता वग बसवला आहे हे विचारावं आणि तो पूर्ण करण्याचं कबूल करून घ्यावं. कलावंतिणींना रंगायला आडोसा, स्वच्छ संडास, प्यायला पाणी आणि खेळानंतर सुरक्षित निजायला जागा द्यावी. एवढं तर लग्नाच्या बँडलाही मिळतं. आणि सकाळची हजेरी रद्द करू नये. तिला ध्वनिवर्धक लागत नाही, दहाची अडचण येत नाही आणि तिच्यात फडाचं खरं गाणं असतं.

पुण्या-मुंबईत राहणारे पुष्कळ वाचक यात्रेला गावी जातात, दुपारचं जेवण करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. यंदाच्या चैत्रात एक रात्र मुक्काम करा. मैदानात पुढे बसा, गणापासून वगापर्यंत थांबा, आणि सकाळी देवळासमोरच्या हजेरीला बक्षिसाचे पैसे घेऊन जा.